हाडांचे मशीन घरी आणावे काय?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले. गुरुजींची स्वतःची काही तक्रार नव्हती. त्यांनी पिशवीतून साखर तपासण्याचे छोटे मशीन काढले, माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे घरात आल्यापासून हिची साखर ताब्यात आली बघा. आता मुलगा पुण्याहून फोन करून सांगतोय, हाडांसाठी पण असंच मशीन निघालंय म्हणे. बोटाला टोचायचं, थेंब लावायचा, हाडं किती झिजली ते आकड्यात कळतं. मागवू का?"

गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवले. आकडा दिसला की त्यांना बरे वाटते. पण मला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' म्हणायचे तर कारण सांगायला सवड नव्हती. बाहेर बाकावर माणसे खोळंबली होती. "नंतर निवांत सांगतो" म्हणून मी त्यांना पाठवले. पुढे हाच प्रश्न आणखी काही जणांनी विचारला. तेव्हा आज सगळ्यांना एकदमच सांगतो. मात्र त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

२०१४ सालची गोष्ट. एका औषध कंपनीचे प्रतिनिधी माझ्याकडे आले. हाडे तपासण्याचे मशीन आम्ही आणतो, तुमच्या दवाखान्यात मोफत शिबिर घेऊ, फलक, कार्डे, चहापाणी सगळा खर्च आमचा, असे त्यांचे म्हणणे. मी हो म्हटले. खोटे कशाला बोलू, गावात नाव होईल हाही विचार मनात होता. रविवारी सकाळी आठपासून रांग लागली. मशीन लहान सुटकेसएवढे. त्यात अनवाणी पाय ठेवायचा, टाचेला जेली लावायची, दोन-तीन मिनिटांत कागद बाहेर. हिरवा पट्टा म्हणजे हाडे उत्तम, पिवळा म्हणजे विरळ होऊ लागलेली, लाल म्हणजे ठिसूळ. दुपारपर्यंत आम्ही शंभरावर टाचा तपासल्या. कार्डाच्या मागच्या बाजूला गोळ्यांचे नाव आधीच छापलेले आहे, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा निम्मी रांग संपली होती.

त्या रांगेत आमच्या गल्लीतल्या आक्का होत्या. सत्तरीच्या आसपास वय, अंगाने किडकिडीत. आठ महिन्यांपूर्वी अंगणात पाय घसरून त्या हातावर पडल्या होत्या आणि उजवे मनगट मोडले होते. मशीनवर त्यांचा पट्टा हिरवा आला. मी मोठ्याने म्हणालो, "आक्का, तुमची हाडं लोखंडाची आहेत!" रांगेतली माणसे हसली. आक्का मात्र कार्डाकडे बघत म्हणाल्या, "मग हात कसा वो मोडला?" मी म्हटले, "पडल्यावर मोडणारच की." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढच्या वर्षी श्रावणात त्या मोरीत पडल्या. खुब्याचे हाड मोडले. मिरजेला नेले, ऑपरेशन झाले, तेही व्यवस्थित झाले. पण आक्का पुन्हा आपल्या पायांनी चुलीपर्यंत गेल्या नाहीत. अंथरुणाला खिळल्या, न्यूमोनिया झाला आणि संक्रांतीच्या आत गेल्या. मुलगा कागदावर सही घ्यायला आला तेव्हा रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते शिबिराचे कार्डही जपून ठेवलेले होते. तो रागाने काही बोलला नाही. कार्ड पुढे करून एवढेच म्हणाला, "डॉक्टर, ह्याच्यावर तर हिरवं आलं होतं."

ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुरुजींना एका शब्दात उत्तर देता आले नाही ते त्यामुळे.

आक्कांचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक. पन्नाशीनंतर माणूस उभ्या जागेवरून पडतो आणि मनगट, खुबा किंवा मणका मोडतो, तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याचा दाखला शरीरानेच दिलेला असतो. तरण्या माणसाला त्याच पडण्यात फार तर खरचटते. हा दाखला हातात असताना मी टाचेच्या मशीनचे ऐकले. दोष मशीनचा कमी, माझा जास्त.

आता ही मशीन नेमके काय मोजतात ते पाहू. टाचेच्या मशीनमध्ये ध्वनिलहरी टाचेच्या हाडातून पार जातात. त्यांचा वेग आणि वाटेत त्या किती क्षीण होतात यावरून हाडाच्या बळकटीचा अंदाज बांधला जातो. क्षकिरण नाहीत, त्रास नाही, मशीन गावोगाव नेता येते. हे सगळे चांगलेच आहे. पण पाय थंड असेल, सुजलेला असेल, थोडा तिरका ठेवला असेल तर आकडा बदलतो. मुख्य म्हणजे हाडे ठिसूळ झाली असे ठरवण्याची जी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ साली घालून दिली, तरुण वयातल्या सरासरीपेक्षा उणे २.५ किंवा त्याहून खाली, ती डेक्सा नावाच्या तपासणीसाठी आहे. डेक्सात अगदी अल्प प्रमाणात क्षकिरण वापरून खुब्याच्या व कमरेच्या मणक्यांच्या हाडांची घनता मोजतात. ती मर्यादा टाचेच्या मशीनला जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्याकडच्या शिबिरांतून ती सर्रास लावली जाते आणि वर लाल-पिवळा रंग दिला जातो. औषधाने हाडे सुधारली की नाही हे पाहण्यासाठीही टाचेचे मशीन उपयोगाचे नाही.

बाजारात याहून वाईट प्रकार आहेत. काही वजनकाट्यांवर उभे राहिले की चिठ्ठीवर 'बोन मास' छापून येतो. तो तुमच्या वजन-उंचीवरून आणि पायातून सोडलेल्या सौम्य विजेच्या प्रवाहावरून काढलेला अंदाज असतो, त्यावरून ठिसूळपणा कळत नाही. आणि एक मशीन असे आहे की हातात धातूची दांडी धरायची आणि मिनिटाभरात संगणकातून हाडे, यकृत, किडनी, डोळे, अगदी मनाची स्थितीसुद्धा असा अख्ख्या देहाचा अहवाल बाहेर पडतो. हे निव्वळ थोतांड आहे, त्यावर अधिक शाई खर्च करीत नाही.

गुरुजींच्या मुलाने ऐकलेली बातमी मात्र थोतांड नव्हे. त्याला बायोसेन्सर म्हणतात. एखादा पदार्थ नेमका ओळखणारा जैविक रेणू एका बाजूला आणि त्या ओळखीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी पट्टी दुसऱ्या बाजूला, अशी ही जोडी. लेलँड क्लार्क नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली साखरेसाठी अशी जोडी सुचवली आणि तिचीच पुढची पिढी आज गुरुजींच्या पिशवीत आहे. हाडांसाठी तेच करण्याचा प्रयत्न चालू आहे. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे जाळे असते आणि त्यावर कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार बसलेले असतात. हाड झिजते तेव्हा त्या जाळ्याचे तुकडे रक्तात आणि लघवीत उतरतात. त्यातल्या एका तुकड्याला सीटीएक्स म्हणतात. तो थेंबभर रक्तात पकडून मोजायचा, अशी ही कल्पना. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी गेल्या दशकात अशा सेन्सरवर काम केले, इतरत्रही चालू आहे. पण यात मोठी अडचण आहे. साखर रक्तात भरपूर असते, दर मिलिलिटरला सुमारे एक मिलिग्रॅम. सीटीएक्स त्याच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. पोत्यातले धान्य मापाने मोजणे वेगळे आणि त्या पोत्यात पडलेला एक तीळ शोधणे वेगळे. त्यामुळे हे काम बहुतांशी अजून प्रयोगशाळेतच आहे आणि साखरेच्या मशीनसारखे घरोघरी वापरा म्हणून चिठ्ठीवर लिहून द्यावे असे हाडांचे मशीन माझ्या तरी पाहण्यात नाही.

समजा, उद्या ते आलेच. तरी साखर आणि हाड यांत मूळचाच फरक आहे. साखर तासातासाला बदलते, जेवणाने वाढते, इन्सुलिनने उतरते. म्हणून ती घरी वारंवार पाहण्यात अर्थ असतो. हाडांचा कारभार बँकेच्या खात्यासारखा आहे. तिशीपर्यंत जमा जास्त, खर्च कमी. पुढे दोन्ही बरोबरीने चालतात. बायकांची पाळी गेल्यावर काही वर्षे खर्च एकदम वाढतो आणि पुरुषांचाही उतारवयात वाढतोच. शरीरात झिजवणाऱ्या पेशी जुने हाड काढत असतात आणि बांधणाऱ्या पेशी त्या जागी नवे भरत असतात. काढणारे हात जास्त आणि भरणारे कमी झाले की हाड पोकळ होऊ लागते. डेक्सा तपासणी खात्यातली शिल्लक सांगते. सीटीएक्स शिल्लक सांगत नाही, सध्या पैसे किती वेगाने काढले जात आहेत एवढेच सांगतो. ज्याची शिल्लक मोठी त्याने थोडे जास्त काढले तरी चालते. ज्याच्या खात्यात काहीच उरलेले नाही त्याने कमी काढले म्हणून तो श्रीमंत होत नाही.

शिवाय हा आकडा मोठा लहरी आहे. पहाटे तो सर्वांत वर असतो, दुपारी उतरतो, जेवल्यावर आणखी उतरतो. गुरुजींनी पहाटे एक थेंब लावला आणि दुपारी जेवून दुसरा, तर हाडे अर्ध्या दिवसात सुधारली असे त्यांच्या वहीत निघेल! किडनीचे काम मंदावलेले असेल तर तो वाढलेला दिसतो. एखादे हाड नुकतेच मोडलेले असेल तर ते सांधण्याच्या उलाढालीत पुढे कित्येक महिने वाढलेला राहतो. म्हणून हा नमुना सकाळी, उपाशीपोटी, दर खेपेस त्याच सुमारास घ्यावा लागतो आणि एकाच प्रकारच्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकतो. "डॉक्टर, रक्तातलं कॅल्शियम तपासलं, नॉर्मल आहे, म्हणजे हाडं चांगली ना?" असे पुष्कळ लोक विचारतात. तसे नव्हे. हृदय, नसा व स्नायू चालण्यासाठी रक्तातले कॅल्शियम ठरावीक पातळीवर राहावेच लागते आणि कमी पडले तर शरीर ते हाडांतून काढून रक्तात घालते. घरातले दागिने विकून दुकानाचा गल्ला भरलेला ठेवावा, तसे. गल्ला पाहून दागिन्यांचा अंदाज येत नाही. तसेच गुडघे दुखतात म्हणजे हाडे ठिसूळ झाली असेही नाही. गुडघेदुखी बहुधा सांध्याच्या झिजेची असते. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही, आणि हाडांच्या शिबिरात रांग लागते ती बहुतेक गुडघेवाल्यांची.

हिरव्या कार्डाने काय झाले ते सांगितले. पिवळ्या कार्डानेही नुकसान होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी चाळिशीच्या आतली एक बाई उलट्या, बद्धकोष्ठ आणि सारखी तहान घेऊन माझ्याकडे आली. कुठल्याशा शिबिरात पिवळा रंग आल्यापासून ती हबकली होती. एकाने ड जीवनसत्त्वाचे सहा लाख युनिटचे इंजेक्शन दिले, दुसऱ्याने तेच पुन्हा दिले, तिसऱ्याने आठवड्याची साठ हजार युनिटची पुडी चालू केली, आणि शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या. कोणी कोणाला विचारले नव्हते. तिच्या रक्तातले कॅल्शियम इतके चढले होते की किडनीवर परिणाम झाला. सलाईन देऊन आणि सगळे बंद करून ती सावरली. तिच्या हाडांना मुळात काही झालेलेच नव्हते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खरोखरच खूप आढळते, ती भरून काढलीच पाहिजे. पण ते जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही, हे इंजेक्शन देणाऱ्यांनी आणि मागून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एवढे सगळे लिहूनही मला हे बोटावरचे मशीन हवे आहे, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. पण ते मला माझ्या टेबलावर हवे आहे, गुरुजींच्या फडताळात नव्हे. कारण सांगतो.

हाडांची झीज थांबवणारी औषधे आता तालुक्याच्या दुकानातही मिळतात. आठवड्यातून एक घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे. गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही, अशी तिची पथ्ये. गोळी घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही. दुखत नव्हतेच, त्यामुळे दुखायचे थांबत नाही. दोन महिन्यांनी मंडळी विचारतात, "याचा काही गुण दिसत नाही, मग घ्यायची कशाला?" आणि सोडून देतात. डेक्साने फरक दाखवायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढा दम कोणाला? सीटीएक्स मात्र या औषधांनी तीन महिन्यांच्या आतच चांगला खाली येतो. तो खाली आला नाही तर गोळी नीट घेतली जात नाही किंवा अंगी लागत नाही, हे लगेच कळते. २०११ साली ऑस्टिओपोरोसिसवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रयोगशाळा-वैद्यकाच्या संस्थेबरोबर मिळून दोन पदार्थ प्रमाण म्हणून सुचवले, झिजेसाठी सीटीएक्स आणि नव्या बांधणीसाठी पी-वन-एनपी. मोठ्या शहरांत ही तपासणी आज होते. आमच्याकडून नमुना काढायचा तर तो थंड ठेवून दूर पाठवावा लागतो, रिपोर्ट यायला दिवस जातात आणि खर्च ऐकून पेशंट 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो. हेच काम माझ्यासमोर दहा मिनिटांत झाले आणि मी पेशंटला दाखवू शकलो की बघा, तुमचा आकडा निम्म्यावर आला, तर गोळी सोडणाऱ्यांपैकी पुष्कळजण थांबतील.

खुबा मोडून किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्यांसाठीही मला त्याची आशा वाटते. नुसते पडून राहण्याने हाडे किती लवकर झिजू लागतात याची आपल्याला कल्पना नसते. नासा आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धडधाकट स्वयंसेवकांना बिछान्यावर झोपवून ठेवले होते. त्यांच्या लघवीतल्या कॅल्शियमच्या बारकाव्यांवरून आठवड्याभरातच झीज सुरू झाल्याचे दिसले. नासाला त्यात रस असण्याचे कारण असे की अंतराळात वजनच नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक टक्का किंवा थोडे जास्तच घटते. म्हणून ऑपरेशननंतर म्हातारीला 'जपायचे' म्हणून महिनोन् महिने झोपवून ठेवू नका. सर्जनने परवानगी दिली की त्याच दिवशी उभे करा.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझे एवढेच सांगणे की मशीनच्या भाड्यात आणि फलकांत पैसे घालण्यापूर्वी प्लास्टर घालण्याच्या खोलीत एक वही ठेवावी. पन्नाशीपुढचा जो कोणी किरकोळ पडण्याने हाड मोडून येईल त्याचे नाव, वय आणि गाव तीत लिहावे आणि प्लास्टर निघाल्यावर त्याला डेक्सासाठी पाठवावे. शंभर अनोळखी टाचा तपासून जे सापडणार नाही ते या वहीत सापडेल. ज्यांचे काही मोडलेले नाही त्यांच्यासाठी फ्रॅक्स नावाची प्रश्नावली आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून ती २००८ साली आली, इंटरनेटवर आहे आणि तिच्यात भारतीयांसाठी वेगळा पर्याय आहे. वय, वजन, उंची, आधी मोडलेले हाड, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, विडी-सिगारेट, दारू, संधिवात, स्टेरॉईडच्या गोळ्या, एवढेच ती विचारते. मशीन लागत नाही. स्टेरॉईडचा उल्लेख मुद्दाम करतो. दमा आणि सांधेदुखीसाठी 'लाल गोळी, पांढरी गोळी' म्हणून नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांत ते पुष्कळदा असते, आणि ते हाडे पोखरते.

आणि घरची तपासणीच करायची असेल तर टेप घ्या. भिंतीला टाचा लावून उभे करा, डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करा, उंची मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच, कमी भरली तर कुठला तरी मणका दबला असण्याची शक्यता आहे, आणि असा मणका बहुतेक वेळा कमरेच्या उसणीत जमा होऊन जातो. तरुणपणची उंची ठाऊक नसेल तर फळीवरचा डबा विचारा. पूर्वी हाताला यायचा, आता येत नाही, असे आईने म्हटले की टाळी वाजवून हसू नका.

मोरीतले शेवाळ घासून काढा, रात्री वाटेवर दिवा ठेवा, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. झोपेच्या गोळ्यांचा हिशोब ठेवा; त्या घेऊन अर्धवट झोपेत लघवीला उठलेली माणसे हमखास पडतात. जेवणाचे म्हणाल तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० पासून मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे सांगितले आहे. आधी हा आकडा ६०० होता. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते, कपभर दुधात दोनशेच्या वर. आपल्याकडे नाचणीची आठवण लहान मुलांच्या सत्त्वापुरतीच होते, आजीच्या ताटात ती येत नाही.

आता गुरुजी. मी त्यांना दुसऱ्या दिवशी मंडळींना घेऊन यायला सांगितले. बाईंचे वय चौसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. मधुमेहात घनतेचा आकडा फारसा वाईट नसतानाही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मला त्यांची काळजी होतीच. विचारल्यावर कळले की त्यांच्या आईचा खुबा मोडला होता. ही गोष्ट पंचवीस वर्षांच्या माझ्या ओळखीत मी कधी विचारली नव्हती आणि त्यांनी सांगितली नव्हती. भिंतीला उभे केले. डीएडला असताना नोंदलेली उंची त्यांना पक्की आठवत होती. पाच सेंटिमीटर कमी भरली. मणक्याचा एक्स-रे काढला, त्यात एक मणका पुढून दबलेला. गुरुजी एक्स-रेकडे बराच वेळ बघत राहिले.

मिरजेला डेक्सा केली, खुब्याचा आकडा उणे २.८ आला. किडनी, थायरॉईड, ड जीवनसत्त्व तपासून घेतले, दाताच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवून आणले, कारण या औषधांत क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. गोळी सुरू करण्याआधी सीटीएक्सचा एक नमुना पाठवला. गुरुजींनी वहीत रविवारचे रकाने आखले आहेत, गोळी किती वाजता घेतली आणि चहा किती वाजता प्याला हेही लिहितात. तीन महिन्यांनी पुन्हा सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यात घालून पहिल्या एसटीने मिरजेला पाठवायचे ठरले आहे. डबा घेऊन मीच जाणार, असे गुरुजींनी आताच बजावून ठेवले आहे.